वजन येऊ द्या जी

उभी गाडी दिसली की ते तिच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा भार टाकून एकदा दाबायचे आणि सोडून द्यायचे. मग मान तिरपी करून ऐकायचे. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोनदा हलली, किंवा खालून 'कुई' असं काही निघालं, की ते मालकाला शोधायला लागायचे. मालक ओळखीचा की अनोळखी याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सेलूच्या बाजारात तुमची गाडी कधी तासभर उभी राहिली असेल, तर तिचीही नाडी त्यांनी पाहिली असण्याची बरीच शक्यता आहे.

एका लग्नात त्यांनी नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी अशीच दाबली. झेंडूची अर्धी माळ खाली आली. वरपक्षाचा एक तरुण धावत आला. "ओ काका, फुलं पडून राह्यले ना! काऊन दाबून राह्यले?"

"फुलं पडू द्या जी," ते म्हणाले. "हे समोरचं डावं चाक नवरीले जामच्या चौरस्त्यालोकही नेत नाई."

मंडळी हसली. ती गाडी पुढे कुठं अडली की नाही, मला माहीत नाही. पण नवरीच्या बापानं मुलीला हळूच दुसऱ्या गाडीत बसवलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यांचं नाव मी सांगत नाही. छापील अक्षरात नाव आलेलं त्यांना लग्नपत्रिकेतसुद्धा आवडायचं नाही. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. आमची भिंतीला भिंत. सगळा जन्म त्यांनी कापसाच्या एका जिनिंगच्या ट्रकांखाली घालवला आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन तिच्याखाली शिरले. मी शाळेत गणित शिकवतो. गणित येणाऱ्या माणसाला असतो तसला एक तोरा मलाही आहे, आणि जोडीला घाई. कुठलंही काम हाती घेण्याआधी मला ते संपलेलं हवं असतं. असा माणूस काकाजींच्या शेजारी राहायला आला हा माझ्या नशिबाचा भाग.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. काकू त्यांच्या सहा महिने आधी गेल्या.

व्हॅनचं सगळं काम ते अंगणात, निंबाच्या सावलीत करायचे. गॅरेजवाल्यांवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. "त्याइले दिवसाच्या दहा गाड्या. माह्याकडं एकच," एवढंच म्हणायचे. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी हाताच्या सांध्यात रबराचं एक जाड कडं असतं, त्याला बुश म्हणतात. खड्ड्याचा हिसका हा बुश पितो. तो झिजला की हिसका बसणाऱ्याच्या पाठीत जातो. जुना बुश काढायचा, नवा साबणाच्या पाण्यात भिजवून शिकंज्यात दाबून बसवायचा, हे ते इतक्या निवांतपणे करायचे की पाहता पाहता माझी चहाची वेळ टळून जायची.

मी एकदा विचारलं, "साबण कशाला काकाजी? ग्रीस लावलं तर सटकन जाईल."

"रबराले ग्रीस म्हंजे मानसाले दारू, सर. आंधी नरम पडते, मंग फुगते, मंग फाटते. ग्रीस लोखंडाले."

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरीही हे उदाहरण समजायला कोणालाच वेळ लागत नाही.

पण त्यांचा खरा नियम दुसरा होता. गाडी जॅकवर उचललेली असते तेव्हा चाक खाली लोंबत असतं. त्या स्थितीत बुशचा बोल्ट पक्का आवळला, की रबर तसंच जखडून बसतं. मग गाडी खाली उतरली की त्याला पीळ पडतो, आणि तो पीळ प्रत्येक खड्ड्यागणिक रबराला खात राहतो. म्हणून वर असताना बोल्ट नुसता अडकवायचा. गाडी उतरवून चारही चाकं लाकडी ठोकळ्यांवर घ्यायची, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ द्यायचं, आणि मग पुन्हा खाली सरपटत जाऊन आवळायचं. "वजन येऊ द्या जी," हे त्यांचं पालुपद होतं.

ते गाडीपुरतंही राहिलं नव्हतं. माझी मुलगी नव्या शाळेत आठ दिवस रडली, तेव्हा मी तिचं नाव काढायला निघालो होतो. काकाजी भिंतीवरून म्हणाले, "आतापासून काय आवळता? वजन येऊ द्या जी." पंधरा दिवसांनी ती सुट्टीच्या दिवशीही दप्तर भरून बसायला लागली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे संध्याकाळी हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानानं शेकतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. काकाजींच्या वडिलांकडे बैल होते. शेत भावांकडे राहिलं, बैल त्यांच्याकडेही राहिले नाहीत. मग काकाजी त्या संध्याकाळी व्हॅनचे सांधे करायचे. कंपनीनं जिथं ग्रीस भरायची सोय दिली नव्हती, तिथंही त्यांनी बारीक छिद्रं पाडून निप्पल बसवली होती. ग्रीसगन लावून ते प्रत्येक सांध्यात जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं पिवळं दिसेपर्यंत दाबत राहायचे. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सोडवून एकेका पात्याला लोण्यासारखं ग्रीस चोळायचे. शेवटी हात पुसून गाडीपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पहिल्या वर्षी मी हसलो. काकू मात्र दारातून हळद घेऊन आल्या आणि चारी चाकांना बोटं लावून गेल्या.

तीन वर्षांपूर्वी काकूंची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं वयाचं असेल. मग वर्ध्याला तपासण्या झाल्या आणि कळलं की आजार दुसरीकडचा आहे, तो मणक्यात उतरला आहे. आठवड्यातून एकदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागायचं. मधल्या सीटवर गोधड्यांच्या घड्या घालून काकाजी त्यांना टेकवून बसवायचे. काकू कधी हूं की चूं करायच्या नाहीत. त्या फक्त पदराचं टोक दातांत धरायच्या. ते दिसावं म्हणून काकाजींनी गाडीतला आरसा मागच्या रस्त्याकडून काढून काकूंच्या चेहऱ्याकडे वळवून ठेवला होता. मागून कोण हॉर्न वाजवतं याची त्यांना पर्वा उरली नव्हती. पदर दातांत गेला की ते घरी आल्यावर गाडीखाली जायचे.

आणि काकूंची एक इच्छा होती. त्यांची धाकटी बहीण अल्लीपूरला दिलेली. तिला लकवा झाला होता, ती खाटेवरून उठत नव्हती. तोंड वाकडं झाल्यामुळे फोनवर तिचं बोलणं समजत नव्हतं. दोघी फोन कानाला लावून नुसत्या बसायच्या. दोन वर्षांत भेट नव्हती. "एक डाव तिचं तोंड पाहून येऊ द्या," असं काकू म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले, न्या, पण हिसका बसता कामा नये. आता तुम्ही त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं कधी गेला असाल तर हिसका बसू न देणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

काकाजींनी पुढचे सगळे बुश बदलायला काढले. मी मदतीला गेलो. डावी बाजू त्यांनी केली. उजव्या बाजूला मी खाली पडून होतो तेव्हा आतून काकूंनी हाक मारली. त्यांना कुशीवर वळवायचं होतं. काकाजी हात पुसत उठले. "बोल्ट निस्ता अडकवून ठेवजा, सर. आवळू नोका. मी आलो की उतरवू."

त्यांना यायला वेळ लागला. मला पाच वाजता शिकवणी होती. मी गोटी पाना हातात घेऊन पडलो होतो आणि विचार केला की आत्ता आवळलं काय नि नंतर आवळलं काय, बोल्ट तोच आहे. पुन्हा सरपटायला नको. मी अंगातला सगळा जोर लावून बोल्ट आवळला, बाहेर आलो, गाडी ठोकळ्यांवर उतरवली आणि हात धुतले. काकाजी आले.

"उतरवली? मंग वजन आल्यावर आवळलं ना जी?"

"हो काकाजी," मी म्हणालो.

हे असं साधं, सरळ खोटं होतं. त्याला आडपडदा नव्हता. ते "बरं केलं" म्हणाले आणि मी शिकवणीला गेलो. तिथं त्रैराशिक शिकवलं.

तीन आठवड्यांनी वर्ध्याहून येताना एका गतिरोधकावर गाडी आपटली आणि काकू ओरडल्या. आजारपणात पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा काकाजी अंगणात उकिडवे बसले होते. तळहातावर बुश होता. रबर एका बाजूनं फाटून पुरणासारखं बाहेर आलं होतं.

"पीळ पडून फाटलं," ते म्हणाले. "वजन यायच्या आंधी आवळल्या गेलं."

मी फाटलेल्या रबराकडे पाहिलं.

"उजव्या बाजूचं व्हय. पन तुमी तर सांगतलं होतं, उतरवल्यावर आवळलं म्हून. म्हंजे बाजू आठवाले मीच चुकून राह्यलो. उजवी मीच केली असन, अन् लोंबतीच आवळली असन." त्यांनी बुश उलटसुलट करून पाहिला. "चाळीस वर्सांत असं झालं नोतं, सर. हात भरवशाचे नाई राह्यले आता. डोस्कंही नाई."

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं सांगून का टाकलं नाही. मीही स्वतःला ते विचारलं. माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी माझ्यापेक्षा स्वतःच्या चाळीस वर्षांवर संशय घेतला. मी घरी आलो. बायकोशी उगीच भांडलो. चार दिवस भिंतीकडच्या बाजूला गेलोच नाही.

पाचव्या दिवशी काकूंनी बोलावणं पाठवलं. त्या खाटेवर पडून होत्या. खूप लहान दिसत होत्या. अंगणातून लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज येत होता.

"सर, ह्याइले कायतरी सांगा जी. अवजारं पोत्यात भरून राह्यले. भंगारवाल्याले देतो म्हंते. अल्लीपूरचंही नाव घेऊन नाई राह्यले. म्हंते, माह्या हातानं तुले हिसका बसला, आता माह्या गाडीत नाई नेत." त्यांनी डोळे मिटले. "मले हिसक्याचं काई नाई. पन ते जेवून नाई राह्यले."

मी अंगणात गेलो. काकाजी पाने पुसून पुसून पोत्यात टाकत होते. फेकायच्या वस्तूसुद्धा ते पुसत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. उजवा बोल्ट मी आवळला, गाडी वर असताना आवळला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मला वाटतं, मी एका दमात सांगितलं असेन, कारण शेवटी मला श्वास घ्यावा लागला.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग एकदम उठले, घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अवं, आयकलं काय? मी नाई विसरलो! डावी मीच केलती, उजवी सरनं केलती. मले बरोबर आठवत होतं!"

आतून काकू काहीतरी म्हणाल्या. काकाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाट पाहत होतो की आता ते मला बोलतील. त्यांनी पोतं जमिनीवर उलटं केलं आणि पाने लहानमोठे लावायला बसले. वर न पाहता म्हणाले, "चुकलं त्याचं काई नाई, सर. कामात चुकतेच. पन तीन हप्ते ती त्या पिळावर बसून गेली अन् आली."

मला मुख्याध्यापक बोलले आहेत, शिक्षणाधिकारी बोलले आहेत. ते सगळं मी विसरलो. हे एक वाक्य अजूनही वर्ध्याच्या रस्त्यावर माझ्यासोबत असतं.

पुन्हा सगळं उघडलं. पुढचे बुश नवे, मागच्या पाट्यांचे नवे, पात्यांना ग्रीस, सांध्यांना ग्रीस. चार दिवस लागले. मी शाळेतून रजा घेतली. शेवटच्या दिवशी गाडी ठोकळ्यांवर उतरवल्यावर मी पाना घेऊन खाली जायला निघालो, तर काकाजींनी थांबवलं. त्यांनी घरातून गव्हाचं पोतं आणलं आणि मधल्या सीटवर, काकूंच्या जागी, गोधडीवर टेकवून ठेवलं.

"हे कशाला काकाजी?"

"ती बसन तवाचं वजन पायजे ना जी. तिले एवढा वेळ बसवत नाई." ते मागे सरून पोत्याकडे पाहत राहिले. मग पोत्याचं तोंड सोडलं, पायलीनं माप घेऊन गहू काढला. एक पायली. पुन्हा पाहिलं. आणखी एक काढली. "आता एवढी नाई राह्यली ती," असं म्हणाले आणि थोडे ओंजळीनंही काढले.

एवढ्या मोठ्या गाडीच्या वजनात दोन पायल्या गव्हानं काहीही फरक पडत नाही. हे गणित मला येतं. मी खाली गेलो आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक बोल्ट आवळला. चारही बोल्ट त्यांनी मलाच आवळायला लावले. ते बाजूला जमिनीवर गाल टेकून पाहत होते, आणि दर वेळी "बस" म्हणत होते.

अल्लीपूरला निघायच्या दिवशी मीही तयार होऊन आलो. शिवारात कापूस फुटला होता, उन्हाला अजून धार नव्हती. काकाजी म्हणाले, "तुमी नोका येऊ. तुमी बसले की मांगचं सारं वजन बदलते." ते हसत म्हणाले की खरंच म्हणाले, हे मला ठरवता आलं नाही. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. बहिणीसाठी डब्यात तिळाची चटणी घेतली होती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी पाहत होतो. कुठलाही आवाज आला नाही.

तो दिवस मी कसा काढला ते सांगत नाही. चार वाजल्यापासून फाटकात उभा होतो. माझ्या हातानं आवळलेले चार बोल्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

पाचच्या सुमारास पांढरी व्हॅन गल्लीत शिरली. बैलगाडीच्या चालीनं आली. मी पुढे झालो, आणि व्हॅन माझ्यासमोरून, त्यांच्या स्वतःच्या घरासमोरून, न थांबता निघून गेली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त स्टिअरिंगवरचा एक हात उचलून बोट ओठांवर ठेवलं.

बायको चहाचं आधण टाकून बाहेर आली होती. "काहो, हे काऊन थांबून नाई राह्यले? काई झालं काय?"

अर्ध्या तासानं व्हॅन पुन्हा आली, त्याच चालीनं. या वेळी मी खिडकीतून नीट पाहिलं. काकू गोधडीवर मान टाकून झोपल्या होत्या. तोंड जरा उघडं होतं, पदर खांद्यावर नीट होता. गेले कित्येक महिने त्या रात्रीसुद्धा सलग तासभर झोपल्या नव्हत्या, हे भिंतीपलीकडून आम्हाला माहीत होतं. गाडी थांबली असती तर त्या जाग्या झाल्या असत्या.

तिसऱ्यांदा व्हॅन आली तेव्हा गल्लीतली मुलं क्रिकेट सोडून बाजूला झाली. मीच त्यांना हातानं गप्प राहायला सांगितलं होतं. चौथ्या फेरीला घराघरांत दिवे लागले होते. त्या फेरीला बहुतेक काकू स्वतःच हलल्या, कारण गाडी फाटकाशी येऊन थांबली. मी दार सरकवलं.

काकूंनी डोळे उघडून आधी मला पाहिलं, मग बाहेरचा निंब पाहिला.

"आलो काय घरी?"

"आत्ताच येऊन राह्यलो," काकाजी म्हणाले.

"बहीन बोलली माह्यासंग. सारं समजलं मले." त्यांनी पाय खाली सोडले. मग नवऱ्याला विचारलं, "काहो, रस्ता नवा केला काय त्याइनं? कुठी काई लागलंच नाई."

"हो वं," काकाजी म्हणाले. "सारा नवा केला." आणि खाली वाकून ते काकूंच्या चपला शोधायला लागले.